गाय उलटते: दोष गोठ्याचा की रक्ताचा?

गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की 'जातच खराब' म्हणून ती बाजारात जाते. पण गाभण राहण्याच्या गुणाची आनुवंशिकता, म्हणजे गाईगाईंतल्या फरकात रक्ताचा वाटा, जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. दुधाची मात्र २५ ते ३० टक्के. म्हणून आधी गोठा तपासावा, रक्त नंतर.

१. वही घाला. प्रत्येक गाईची व्याल्याची, माजाची, रेतनाची तारीख आणि रेतकांडीवरचा (वळूच्या वीर्याच्या कांडीवरचा) वळू क्रमांक लिहा. व्याल्यापासून ८५ ते ११५ दिवसांत गाय गाभण राहिली, तर दोन वेतांतले अंतर १२-१३ महिन्यांचे पडते.

२. महिन्यांवरून नजर फिरवा. एप्रिल-मेमध्ये बहुतेक गाई उलटतात आणि थंडीत गाभण राहतात, तर दोष उष्णतेचा. होल्स्टीन या विदेशी जातीच्या गाईला २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेपासूनच ताण जाणवू लागतो. आपल्याला ती हवा छान वाटते, हीच गफलत! माज मुका होतो, म्हणजे लक्षणे नीट दिसत नाहीत, बऱ्याचदा रात्रीच उरकतो. रेतनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भ उष्णतेने सहज मरतो. बीजांडाला बसलेला फटका पुढे महिना-दीड महिना टिकतो, त्यामुळे पाऊस पडला की लगेच फरक दिसेल असे धरू नका.

३. दुपारी पंखा आणि पाण्याचा फवारा आलटून-पालटून चालवा. नुसते फवारे मारून हवा कोंडली तर दमटपणा वाढून उलटेच होते. पहाटे आणि रात्री उशिरा माज पाहा: सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), दुसऱ्या गाईला चढू देणे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. विताना गाय फार लठ्ठ नको, हाडेही दिसायला नकोत.

४. सगळे नीट करूनही एखादी गाय, तिची आई आणि बहिणी थंडीतही उलटत असतील, तर रक्ताचा संशय घ्या. पण त्याआधी गर्भाशयाचा दाह पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. दाह नसूनही उलटत असेल, तर अशा गाईची कालवड ठेवू नये.

५. वळू निवडताना फक्त दूध पाहू नका. जास्त दुधामागे प्रजननक्षमता घसरते. ज्याच्या मुलींच्या प्रजननाची नोंद आहे असा वळू मिळाला तर तोच घ्या. उष्ण भागात विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांवर थांबवणे शहाणपणाचे. कालवडीला तिच्याच बापाची कांडी भरली जाते ती निव्वळ नोंद नसल्याने, म्हणून कांडी भरण्याआधी वहीतला क्रमांक ताडून पाहा.