कुंपण घालायच्या आधी एवढं बघा

खांबांसाठी खड्डे खणायच्या आधी रीतसर मोजणी करून घ्या, कारण जुनं कुंपण जिथे आहे तिथेच हद्द असते असं काही नाही. आपल्या हद्दीच्या आत घातलं तर कुंपण आपलं आणि खर्चही आपला, पण बरोबर हद्दीवरच घालायचं असेल तर शेजाऱ्याची संमती लेखीच घ्या, खर्च कोण किती देणार, पुढे तार गंजली, खांब कलला तर दुरुस्ती कोणाची, सगळं लिहून दोघांच्या सह्या करा. कायदा जागोजागी वेगळा असतो, कॅलिफोर्नियात साधारण निम्मा-निम्मा खर्च धरतात पण ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. उंचीची मर्यादा पण चेक करा. शेजाऱ्याने कुंपण आत सरकवलं तर प्लीज गप्प बसू नका, वर्षानुवर्षं चालवून घेतलं तर पुढे तो हक्क सांगू शकतो, लगेच लेखी हरकत घ्या, पण स्वतः उपटायला जाऊ नका, उलट तुमच्यावरच केस होऊ शकते.