पत्ता बरोबर, मास्क चुकीचा : औद्योगिक गेटवेचे पहिले कमिशनिंग करणाऱ्यांसाठी

मॉडबस आरटीयू (सिरियल तारांवरून मीटरसारखी उपकरणे वाचण्याची पद्धत) आणि मॉडबस टीसीपी (तीच भाषा इथरनेटवर) यांना जोडणारा गेटवे पहिल्यांदा हाती येतो तेव्हा नवख्या अभियंत्याला धास्ती असते ती सिरियल बाजूची. बॉड रेट, पॅरिटी, ए आणि बी तारांची अदलाबदल, लाइनच्या दोन्ही टोकांना लावायचे १२० ओहमचे रेझिस्टर, याबद्दल त्याला प्रत्येकाने बजावलेले असते. इथरनेटच्या बाजूची मात्र ‘आयपी टाकला की झाले’ एवढ्यावर बोळवण होते. मला सर्वाधिक छळले ते याच बाजूने, म्हणून पुढचे लिखाण मुद्दामच तिकडे झुकलेले आहे.

सिरियल पत्त्यांचे प्रकरण लवकर आटोपते. प्रत्येक मीटरला १ ते २४७ यांपैकी एक स्लेव्ह आयडी द्यायचा, एकाच लाइनवर तो दोघांना द्यायचा नाही, आणि ० हा सर्वांना एकदम उद्देशून असल्याने कोणालाच द्यायचा नाही. मॉडबस टीसीपीच्या प्रत्येक संदेशाला सात बाइटचे हेडर असते; त्यातला शेवटचा बाइट म्हणजे युनिट आयडी, आणि तोच पाहून गेटवे कोणत्या मीटरला विचारायचे ते ठरवतो. स्काडाकडून, म्हणजे कंट्रोल रूममधल्या देखरेख प्रणालीकडून, विचारणा केल्यावर एक्सेप्शन कोड ११ परत आला, तर घाबरू नका. गेटवेने मीटरला विचारले आणि मीटर बोलला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणजे आयपीची बाजू शाबूत आहे आणि शोध आता फक्त तारा, स्लेव्ह आयडी आणि बॉड रेट यांच्यात घ्यायचा आहे. काहीच परत न येणे हे खरे दुखणे असते.

ते दुखणे बहुधा असे दिसते. गेटवेचा पत्ता १०.२०.३०.५०, स्काडा सर्व्हरचा १०.२०.४०.११, मध्ये राउटर. पॅनेलसमोर बसून लॅपटॉपला १०.२०.३०.६० हा पत्ता दिला की पिंग मिळतो, गेटवेचे वेबपेज उघडते, मॉडबस टीसीपीच्या पोर्ट ५०२ वर सगळे मीटर वाचता येतात. कंट्रोल रूममधून मात्र पिंगसुद्धा नाही. डिफॉल्ट गेटवेचा रकाना (इथे ‘गेटवे’ म्हणजे आपले उपकरण नव्हे, तर बाहेर जाण्यासाठीचा राउटर) तपासावा, तर तिथे १०.२०.३०.१ असे अगदी बरोबर लिहिलेले असते. मग सर्वांची बोटे फायरवॉलकडे वळतात आणि नेटवर्क विभागाशी वाद सुरू होतो.

अशा वेळी मास्क पाहा, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा (सबनेटचा) आणि कोणता उपकरणाचा हे सांगणारा आकडा. १० ने सुरू होणारा पत्ता टाइप केला की विंडोज आणि कित्येक उपकरणांची सेटिंग पाने मास्कच्या रकान्यात आपणहून २५५.०.०.० भरतात. पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरूनच मास्क ठरवणाऱ्या जुन्या क्लास पद्धतीची ही उरलेली सवय आहे. १९९३ मध्ये सीआयडीआर (मास्क स्वतंत्रपणे ठरवण्याची पद्धत) आल्यावर ती पद्धत अधिकृतपणे मागे पडली, पण रकाने भरणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती गेलेली नाही. आपल्याला हवा असतो २५५.२५५.२५५.०. एन्टर दाबताना त्या रकान्याकडे कोणी पाहत नाही, कारण तो रिकामा दिसत नाही.

आता पुढे काय घडते ते सावकाश समजून घ्या, कारण सगळी गोम इथे आहे. स्काडा सर्व्हरचा मास्क बरोबर असल्यामुळे त्याला गेटवे दुसऱ्या सबनेटमध्ये आहे हे कळते. तो पॅकेट राउटरकडे देतो, राउटर ते गेटवेपर्यंत पोहोचवतो. विनंती पोहोचलेली असते. उत्तर पाठवण्यापूर्वी गेटवे स्वतःचा पत्ता आणि सर्व्हरचा पत्ता आपल्या मास्कमधून गाळून पाहतो, मास्क २५५.०.०.० असल्याने दोन्हींतून १०.०.०.० एवढेच उरते, आणि सर्व्हर आपल्याच वायरीवर आहे असा त्याचा समज होतो. मग तो राउटरच्या वाटेला जातच नाही. डिफॉल्ट गेटवेच्या रकान्यात कितीही अचूक पत्ता असला तरी तो विचारातच घेतला जात नाही. त्याऐवजी गेटवे आपल्या सेगमेंटवर एआरपीने (आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा हे शोधणाऱ्या विचारणेने) विचारत राहतो, की १०.२०.४०.११ कोणाकडे आहे? तो पत्ता तिथे कोणाचाच नसल्याने उत्तर येत नाही, आणि इकडे सर्व्हरवर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ उमटते. त्या ओळीवरून विनंती वाटेत हरवली की उत्तर, हे कळत नाही. आपण मात्र नेहमी विनंतीच हरवली असे धरून चालतो.

याचा पुरावा मिळवणे सोपे आहे. एआरपीची विचारणा ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना ऐकू जाणारी, असते, त्यामुळे स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टची वाहतूक दुसऱ्यावर उतरवणे) करण्याची परवानगी मागत बसावे लागत नाही. त्याच व्हीलॅनमधल्या (स्विचवरच्या त्याच आभासी नेटवर्कमधल्या) कोणत्याही मोकळ्या पोर्टला लॅपटॉप जोडा, वायरशार्क हे पॅकेट पाहण्याचे सॉफ्टवेअर सुरू करा, फिल्टरमध्ये एआरपी टाका आणि कंट्रोल रूममधून कोणालातरी पिंग सुरू ठेवायला सांगा. १०.२०.३०.५० हा उपकरणाचा पत्ता दुसऱ्या सबनेटमधल्या सर्व्हरचा ठावठिकाणा पुनःपुन्हा विचारताना दिसला, की निदान झाले. फायरवॉलवाल्यांची माफी मागायची असेल तर ती याच वेळी मागावी.

कधीकधी चुकीच्या मास्कवरही सगळे सुरळीत चालते, आणि ते जास्त घातक आहे. राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने एआरपीला उत्तर देण्याची सोय) चालू असेल तर तोच सर्व्हरच्या वतीने उत्तर देतो आणि दोष झाकला जातो. पुढे कधीतरी राउटर बदलतो किंवा सुरक्षेसाठी ती सोय बंद केली जाते, आणि ज्या गेटवेला कोणी हातही लावलेला नाही तो अचानक मुका होतो. म्हणून ‘चालतेय ना, मग कशाला हात लावायचा’ हा सल्ला कितीही अनुभवी माणसाने दिला तरी मास्कच्या बाबतीत ऐकू नये. ज्येष्ठांकडून तारा कशा ओढायच्या ते जरूर शिकावे. पत्त्यांचा हिशेब मात्र स्वतः कागदावर करावा.

उत्पादकांच्या शोध-युटिलिटीबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही. सापडलेल्या उपकरणांच्या यादीत गेटवे दिसला की नवख्यांना हायसे वाटते, पण बहुतेक युटिलिटी त्याच सेगमेंटवर ब्रॉडकास्ट करून शोध घेतात. आयपी, मास्क, डिफॉल्ट गेटवे सगळे चुकलेले असले तरी उपकरण यादीत दिसतेच. कारखान्यातून आलेला मूळ पत्ता शोधायला ती उपयोगी आहे, तेवढ्यापुरतीच वापरा. जुन्या गेटवेची कॉन्फिगरेशन फाइल नव्यात ओतण्याचा आडमार्गही तसाच आहे: सिरियल सेटिंगबरोबर जुना आयपीसुद्धा येतो, एका पत्त्याचे दोन धनी होतात, आणि मीटरची आकडेवारी कधी येते, कधी जाते. अशी शंका आली तर संशयित गेटवेची केबल काढून त्याच पत्त्याला पिंग करा. तरीही उत्तर आले तर दुसरा धनी लाइनवर आहे.

हे सगळे वाचून दडपण येत असेल, तर एवढे ध्यानात घ्या की रकाने मोजकेच आहेत आणि मास्कचा हिशेब एकदा हाताने केला की तो पुन्हा अवघड वाटत नाही. पत्ता बदलून सेव्ह करताच ब्राउझरचे पान अडकेल. ते अपेक्षितच आहे, लॅपटॉपचा पत्ता नव्या सबनेटमध्ये न्या आणि पुन्हा लॉगिन करा. पॅनेल बंद करण्यापूर्वी गेटवेचा वीजपुरवठा एकदा तोडून पुन्हा द्या, कारण काही उपकरणांत बदल चालू मेमरीतच राहतो आणि काहींत डीआयपी स्विचची स्थिती फक्त सुरू होतानाच वाचली जाते. शेवटची चाचणी कंट्रोल रूममधूनच घ्या, पिंगवर न थांबता पोर्ट ५०२ वरून प्रत्यक्ष एखादे रजिस्टर वाचून, आणि पॅनेलच्या दारावरच्या लेबलवर पत्त्याशेजारी मास्कही लिहा.