सुटलेला इलेक्ट्रॉन परततो का? तीव्र लेसरमधला हिशेब

तीव्र लेसर अणूतून इलेक्ट्रॉन सोडवतो; तो लेसरच्या विद्युत क्षेत्रात हेलकावत आयनाकडे परततो का आणि किती ऊर्जा घेऊन, ते काढू. उदाहरणाला आरगॉन घेऊ, आयनन ऊर्जा (इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी) १५.७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. लेसर ८०० नॅनोमीटरचा, रेषीय ध्रुवित, म्हणजे विद्युत क्षेत्र एकाच रेषेत मागेपुढे होणारा. शिखर तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २ × १०¹⁴ वॅट.

आधी पाँडेरोमोटिव्ह ऊर्जा काढा, म्हणजे क्षेत्राबरोबर हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनची सरासरी गतिज ऊर्जा. ९.३३ × १०⁻¹⁴ ला तीव्रतेने आणि मायक्रोमीटरमधल्या तरंगलांबीच्या वर्गाने गुणा: ११.९४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आयनन ऊर्जेला या पाँडेरोमोटिव्ह ऊर्जेच्या दुपटीने भागून वर्गमूळ घेतलं की केल्डिश गुणांक मिळतो, ०.८१. तो १ हून बराच कमी असेल तेव्हा टनेलिंगचं, म्हणजे क्षेत्राने वाकवलेल्या ऊर्जाभिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार निसटण्याचं, चित्र चोख बसतं. इथे ते कामचलाऊच आहे.

आता इलेक्ट्रॉन अणूपाशी शून्य वेगाने सोडा. आयनाचं आकर्षण तूर्त धरू नका. वेळ कोनात मोजू, क्षेत्राचं एक आवर्तन म्हणजे ३६० अंश. क्षेत्राचं शिखर ० अंशावर, इलेक्ट्रॉन सुटतो तो जन्माचा कोन क, परततो तो कोन ख. परतीची अट अशी:

कॉस ख − कॉस क + (ख − क) × साइन क = ०

कंसातला फरक रेडियनमध्येच हवा. क १ ते ८९ अंश फिरवा आणि प्रत्येकासाठी पहिला ख शोधा. हमखास फसगत इथेच होते: ख = क हेही या समीकरणाचं उत्तर आहे, तेही दुहेरी, त्यामुळे अंदाज सुधारत उत्तर शोधणारी न्यूटनची पद्धत घसरून तिथेच पोचते. त्यापेक्षा क च्या अर्धा अंश पुढून निघा, अर्ध्या अंशाच्या टप्प्याने डाव्या बाजूचं चिन्ह उणेचं अधिक कुठे होतं ते पाहा. क = ० ला वक्र ३६० अंशांवर नुसता टेकतो, चिन्ह बदलत नाही; म्हणून सुरुवात १ पासून.

परतीची ऊर्जा = २ × पाँडेरोमोटिव्ह ऊर्जा × (साइन ख − साइन क)². सुमारे १८ अंशांना सुटून २५२ ला परतणारा इलेक्ट्रॉन सर्वाधिक, ३.१७ पट ऊर्जा आणतो. तो आयनात पुन्हा सामावला की ही ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते; तीत आयनन ऊर्जा मिळवली की ५३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणून हार्मोनिक वर्णपट (लेसरच्या वारंवारतेच्या पटींतला प्रकाश) साधारण ३५व्या हार्मोनिकजवळ तुटतो. शिखराआधी सुटलेले मात्र कधीच परतत नाहीत.

सगळ्या जन्मकोनांना सारखं वजन देऊ नका. टनेलिंगचा दर क्षेत्रावर घातांकी अवलंबून असतो: १८ अंशांना क्षेत्र जेमतेम ५ टक्के घटतं, पण दर शिखराच्या ५७ टक्क्यांवर येतो.

थेट निसटलेले इलेक्ट्रॉन पाँडेरोमोटिव्ह ऊर्जेच्या २ पटीपर्यंत, आयनावर आपटून उलटे फिरलेले १० पटीपर्यंत जातात. हार्मोनिक वर्णपटाची मोजलेली सीमा कमी भरली तर आधी तीव्रता तपासा. गाउशियन (घंटेच्या आकाराच्या) लेसर स्पंदाची शिखर शक्ती = ०.९४ × ऊर्जा ÷ अर्धउंचीवरचा कालावधी; तीव्रता = २ × शक्ती ÷ (पाय × त्रिज्येचा वर्ग), त्रिज्या म्हणजे झोताच्या मध्यापासून तीव्रता शिखराच्या १३.५ टक्के उरते तिथपर्यंतचं अंतर. तो २ विसरला की उत्तर निम्मं येतं. आकडा बरोबर असूनही सीमा खालीच राहत असेल, तर अणू स्पंदाच्या चढत्या बाजूलाच आयनित होऊन संपत असतील.