दत्तक घेतलेला कुत्रा अंगावर धावत असेल तर

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेला मोठा कुत्रा पहिले आठ-दहा दिवस अगदी गरीब असतो. कोपऱ्यात बसतो, हूं की चूं करत नाही. मग एके दिवशी कुरिअरवाल्यावर झेप घेतो आणि घरच्यांना वाटतं, हा बिघडला. तो बिघडलेला नसतो. आधी दबून होता, आता जरा मोकळा झालाय आणि मनातली भीती बाहेर पडतेय. अंगावर धावणारे बहुतेक कुत्रे शूर नसतात, घाबरलेले असतात. समोरच्याने लांब जावं एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून पुढचं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरतं: अंतर.

आधी डॉक्टर

कान सडलेला, दाढ दुखतेय, मागचे सांधे धरलेत किंवा गोचीडताप अंगात आहे अशा कुत्र्याला कितीही शिकवा, हात लावला की तो चावणारच. पशुवैद्याकडून कान, तोंड, सांधे आणि रक्त तपासून घ्या. रेबीजच्या लशीचा कागद हातात नसेल तर लस झालेली नाही असंच समजा आणि टोचून घ्या. नसबंदी जरूर करा, पण तिने भीतीपोटीचं भुंकणं थांबेल ही आशा नको. आणि शिकवताना दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही लावायचं नाही.

सामान

सहा फुटी साधा पट्टा, छातीवर कडी असलेला हार्नेस आणि कमरेला खाऊची पिशवी. साखळी नको आणि बटण दाबल्यावर लांब होणारा पट्टाही नको. त्यात ऐन वेळी कुत्रा आवरत नाही. मुसकं घ्यायचं ते जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळून टाकणारं कापडी मुसकं घालून फिरवू नका. कुत्रा अंग गार ठेवतो तो मुख्यतः धापा टाकूनच, आणि आपल्याकडच्या उन्हात तोंड बंद म्हणजे जिवाशी खेळ.

मुसकं एकदम चढवू नका. दोन दिवस आतल्या बाजूला दही लावून नुसतं पुढे धरायचं, तो स्वतः नाक घालेल. मग नाक आत असताना पट्टी मानेमागे नुसती टेकवायची. मग एक सेकंद बंद, पाच सेकंद, अर्धा मिनिट. आठ-दहा दिवस लागतात. घाई केली की पंज्याने ओरबाडून काढायला लागतो आणि सगळं पहिल्यापासून.

खरा अभ्यास

आठवडाभर वहीत टिपा: कशावर धावतो, किती पावलांवरून, किती वाजता. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांच्या यादीत वॉचमनची काठी, झाडू, हेल्मेट, छत्री आणि पळणारी मुलं हमखास सापडतात.

समजा त्याला काठीवाला वॉचमन चालत नाही आणि पंधरा पावलांवर तो भुंकतो. तर पंचवीस पावलांवर उभे राहा. पन्नास ग्रॅम बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन वाटाण्याएवढं कापलं की चाळीसेक तुकडे होतात (शाकाहारी घरात पनीर, कांदा-लसणाचं काहीही नको). आता कुत्र्याच्या तोंडाकडे बघा. वॉचमन दिसताच त्याचे कान पुढे येतील, उघडं तोंड मिटेल, शेपूट ताठ होईल. नेमक्या त्या क्षणी एक तुकडा. वॉचमन दिसतोय तोवर एकामागून एक तुकडे, तो आड झाला की खाऊ बंद. पाच ते दहा मिनिटं, मग घरी.

इथे क्रम चुकतो तो बहुतेकांचा. आधी हात पिशवीत जातो आणि मग वॉचमन दिसतो. कुत्रा हुशार असतो. पिशवीत हात गेला म्हणजे काहीतरी संकट येतंय, हे तो शिकतो. आधी दिसणं, मग खाऊ. दुसरी चूक पट्ट्याची. आपणच घाबरून पट्टा ताणतो, तो ताण त्याच्या अंगात पोचतो आणि झेप तिथूनच सुरू होते. पट्ट्याला मधे झोळ दिसला पाहिजे.

तुकडा नाकासमोर धरूनही घेत नसेल, किंवा बोटांसकट ओढत असेल, तर अंतर कमी पडतंय. मागे फिरा. हे मागे फिरणंही घरात शिकवून ठेवायचं: ‘चल’ म्हटलं की गर्रकन वळायचं आणि तुकडा मिळवायचा, दिवसातून दहा वेळा.

वॉचमन दिसल्यावर त्याने आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघितलं, आणि असं सलग तीन दिवस झालं, की दोन पावलं पुढे. फक्त दोन. एखाद दिवशी भडका उडालाच तर पुढचे एक-दोन दिवस सुनसान वेळी नुसतं हुंगत फिरवा; डोकं तापलेलं असताना तो एरवी सोसतो तेही सोसत नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी पहाटे साडेपाचची वेळ धरावी आणि लिफ्टऐवजी जिना. लिफ्टमध्ये अंतर नावाची चीजच नसते.

ताटलीवर गुरगुरत असेल तर

‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून जेवताना ताटली ओढून घेणं हा जुना आणि घातक सल्ला. त्याची भीती खरी ठरवल्यासारखंच होतं. सहा-सात फुटांवरून जाता जाता त्याच्या जेवणापेक्षा चांगला तुकडा ताटलीकडे टाका आणि न थांबता पुढे चला. काही दिवसांनी तुमची पावलं वाजली की तो शेपूट सैल सोडून वर बघेल. तेव्हा एक पाऊल जवळून जा. घरात लहान मुलं असतील तर मात्र प्रयोग नाहीत, जेवण बंद दाराआड.

गुरगुरण्याबद्दल मारू तर कधीच नका. गुरगुर ही त्याची आगाऊ सूचना आहे. ती मारून बंद केली की कुत्रा गुपचूप असतो आणि सरळ चावतो. उताणं पाडून दाबणं, शॉकचा पट्टा हे त्याच जातीचे उपाय.

प्रशिक्षक बोलवायचा असेल तर एकच प्रश्न विचारा: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, हिसका, ‘दाखवून देतो’ असलं काही आलं तर चहा पाजून परत पाठवा. कातडी फुटेल असा चावा एकदाही झाला असेल तर एकट्याने करत बसू नका, पशुवैद्याला धरून चाला.

आणि हेल्मेटचा अभ्यास वेगळा. ते आधी जमिनीवर ठेवून आजूबाजूला तुकडे टाका, मग हातात धरा, मग घरातल्याच माणसाच्या डोक्यावर, काच उघडी ठेवून. काच खाली करण्याची पायरी सगळ्यात शेवटी, कारण तिथे ओळखीचा चेहरा नाहीसा होतो.