आयटीआयच्या मुलांना पुढच्या वाटा शोधायला कसं लावायचं

फिटरच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला ‘पुढे काय?’ विचारलं की ‘बघू, लागेन कुठेतरी कंपनीत’ यापलीकडे उत्तर सहसा जात नाही. अप्रेंटिसशिप, डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश, निदेशक म्हणजे आयटीआयचा शिक्षक व्हायचं तर सीआयटीएस हा प्रशिक्षण अभ्यासक्रम, ही नावं त्याच्या कानावरून गेलेली असतात. पण ‘आपल्याला नाही जमायचं’ हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. माहितीपत्रकं वाटण्याआधी निदेशकाने यावर काम करावं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचे चार स्रोत मांडले. त्यातला सगळ्यात भक्कम म्हणजे स्वतः करून जमणं. त्यासाठी प्रत्येक जॉबनंतर, म्हणजे वर्कशॉपमध्ये करायला दिलेल्या प्रत्येक कामानंतर, वहीत दोन ओळी लिहून घ्या: काय जमलं, आणि ते आणखी कुठे लागतं. ‘व्हर्निअरवर ०.०२ मिमीपर्यंत माप घेता येतं’, समोर ‘क्वालिटी, टूलरूम’. आठ-दहा जॉब झाले की त्याच्याच अक्षरातली यादी त्याच्यासमोर असते. हे घरी लिहायला मात्र देऊ नका, सगळी बॅच एकाच वहीवरून उतरवते. वर्कशॉप सुटण्याआधीची दहा मिनिटं राखून ठेवा.

दुसरा स्रोत, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं. इथे हमखास चूक होते: मोठा कारखानदार बोलावला जातो. टाळ्या पडतात, पण ‘त्यांचं वेगळं आहे’ म्हणून मुलं विषय सोडून देतात. दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेला त्याच ट्रेडचा मुलगा बोलवा. वर्गात मुली असतील तर मुलगीही. जमल्यास लाइन बदललेलाही एखादा आणा. पाच-सहा जणांचा गट, अर्धा तास, आणि प्रश्न आधी लिहून आणलेले: सकाळी आठ ते दहा नेमकं काय काम असतं? पगार कापून हातात किती येतो? पहिल्या सहा महिन्यांत काय चुकलं?

तिसरा, दुसऱ्याने दिलेला भरवसा. ‘तू करशील रे’ हे वाऱ्यावर जातं. ‘तुझं मेल-फिमेल फिटिंग (एकमेकांत बसणारे दोन तुकडे) पहिल्याच वेळी बसलं, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं सेटिंग एकदा बघून ये’ हे लक्षात राहतं.

चौथा स्रोत मनाची अवस्था. इथे आड येते धास्ती, आणि ती बहुतेक वेळा घरची असते: कमाई लांबणीवर पडेल ही. स्टायपेंड, जाण्यायेण्याचा खर्च, डिप्लोमाची फी हे आकडे पालकांसमोर फळ्यावर मांडा. दुसरी वाट बघणं म्हणजे ट्रेड सोडणं नाही, हेही तेव्हाच सांगा. त्याच आठवड्यात ‘अंतिम निवड’ असा फॉर्म भरून घेऊ नका. सही करायची म्हटलं की मुलं पुन्हा ‘कंपनी’ लिहून मोकळी होतात.