उन्हाळ्यात चार्ल्सटनला निघालात? या चुका टाळा

शार्लट, रॅले, अटलांटाकडच्या मराठी घरांत मे महिना संपत आला की चर्चा सुरू होते. मुलांना सुट्टी लागतेय, भारतातून आई-बाबा आलेत, तर चार दिवस जायचं कुठे? कुणीतरी चार्ल्सटनचं नाव काढतं आणि दुसरं कुणीतरी लगेच खोडून काढतं, "उन्हाळ्यात? तिथे? उकडून निघायचंय का?"

उकाड्याचं खरं आहे. पण साउथ कॅरोलायनातलं, १६७० साली वसलेलं हे बंदर त्यासाठी उन्हाळ्यात टाळायला नको. इथला मुख्य हंगाम मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरचा. तेव्हा हॉटेलांचे दर ऐकूनच घाम फुटतो. जुलै-ऑगस्टात, सोमवार ते गुरुवार, तीच खोली बऱ्यापैकी आवाक्यात येते. समुद्राचं पाणी कोमट, जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड आणि किनाऱ्यावर कासवांच्या विणीचा हंगाम. तरीही वैतागून परतणारे कमी नाहीत, आणि त्यांची तक्रार नीट ऐकली की बहुतेक वेळा दिवसाचं वेळापत्रकच चुकलेलं निघतं.

भर दुपारी रेनबो रो

ठरलेला प्रकार असा: हॉटेलचा फुकटचा नाश्ता निवांत करायचा, साडेदहाला गाडी काढायची, पार्किंग शोधण्यात अर्धा-पाऊण तास घालवायचा आणि बाराच्या ठोक्याला ईस्ट बे स्ट्रीटवर उभं राहायचं. समोर १३ रंगीत घरांची ती प्रसिद्ध रांग, डोक्यावर सूर्य, आजोबांचा शर्ट पाठीला चिकटलेला आणि नातवंडांची आइस्क्रीमसाठी भुणभुण.

जुलैत पारा ३२-३३ अंशांवर असतो. हा आकडा ऐकून नागपूरकर हसतात, पण इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि अंगाला चाळिशी पार केल्यासारखं वाटतं. त्यात दुपारी तीन-चारच्या सुमाराला ढग भरून येऊन गडगडाटासह पाऊस कोसळणं हे उन्हाळ्यात नेहमीचंच.

म्हणून दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी सात ते दहा पायी फिरा. रेनबो रोचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे फोटोसाठीही सकाळचंच ऊन चांगलं. तिथून बॅटरीवर (म्हणजे समुद्राकडेच्या भिंतीवरचा फिरायचा रस्ता), मग व्हाइट पॉइंट गार्डनमधल्या लाइव्ह ओकच्या सावलीत थोडं टेकून मीटिंग स्ट्रीटने वर या. बारा ते चार एसीत काढा: चार्ल्सटन म्युझियम (१७७३ सालचं), मत्स्यालय किंवा ज्याच्याबद्दल खाली लिहिलंय ते नवं संग्रहालय. सहानंतर पुन्हा बाहेर. वॉटरफ्रंट पार्कमधल्या अननसाच्या आकाराच्या कारंज्यात पोरं मनसोक्त भिजतात, कुणी हटकत नाही. रॅव्हेनेल पुलावरून चालायची हौस असेल तर तीही याच वेळी भागवा. पुलावर सावलीचा पत्ता नाही.

सकाळच्या फेरीत घरं जवळून बघा. जुनं चार्ल्सटनी घर रस्त्याकडे अंग चोरून उभं असतं. रुंदी एका खोलीची, लांबी आत खोल गेलेली, आणि दक्षिण नाहीतर पश्चिम अंगाला वरखाली दोन लांबलचक पडव्या. इथे त्यांना पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं ऐटबाज दार उघडलं की आपण घरात जात नाही, पडवीत जातो. समुद्रावरचा वारा घरात खेळवण्यासाठी केलेली ही रचना. या घरांत माणसं राहतात, तेव्हा पायऱ्यांवर बसून फोटोसेशन नको. त्यापेक्षा मुलांना भिंतीतले लोखंडी बिल्ले शोधायला लावा. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर खचलेल्या भिंती आवळून धरायला घरांतून आरपार लोखंडी सळ्या घातल्या. त्यांची टोकं म्हणजे हे बिल्ले. कुठे नुसती गोल चकती, कुठे चांदणी, कुठे सिंहाचं तोंड.

गाडी हॉटेलवर किंवा गॅरेजमध्ये ठेवा आणि डाउनटाउनमधली डॅश ही फुकट बस वापरा. गुडघे दुखणाऱ्या आईंसाठी आणखी एक: जुन्या वाड्यात थाटलेल्या देखण्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असं नाही. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा.

कुणाला गरगरलं तर सावली, पाणी, मानेवर ओला रुमाल. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, अंग तापलं तर वाट न बघता ९११. आणि बीपीच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या, चालू असतील तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

भरती न बघता गाडी लावणं

हवामानाचं ॲप सगळेच बघतात, भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र कुणी उघडत नाही. चार्ल्सटनमध्ये दोन्ही लागतात.

ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्टीवर जुनं शहर वसलंय, आणि त्यातला बराच भाग खाड्या आणि दलदल बुजवून केलेला आहे. आजच्या वॉटर स्ट्रीटच्या जागी एकेकाळी खाडीच होती. बंदरात पाण्याची पातळी ७ फुटांवर गेली की सखल रस्त्यांवर पाणी यायला लागतं, आणि कधीकधी हे लख्ख ऊन असतानाही होतं. ऐन भरतीत सर आली तर गटारांतलं पाणी समुद्रात जाणार कुठे? मुंबईकराला पुढचं समजावायला नको.

नोआ या अमेरिकी सरकारच्या हवामान-समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर चार्ल्सटन हार्बरचं कोष्टक असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जात असाल तर आवर्जून बघा. भरतीच्या तासात पावसाचा अंदाज असेल तर गाडी रस्त्याकडेला न लावता गॅरेजच्या वरच्या मजल्यावर लावा.

समोर पाणी साचलेलं दिसलं तर गाडी घालू नका. "पुढचा गेला की!" हे कारण होऊ शकत नाही, पुढच्याचा पिकअप ट्रक उंच असतो. शिवाय हे पाणी खारट. त्यातून जावंच लागलं असेल तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

ओहोटीची तक्रार वेगळीच असते: "आमच्या हॉटेलचं ड्रेनेज तुंबलंय." तुंबलेलं काही नसतं. पाणी उतरलं की दलदलीतला काळा चिखल उघडा पडतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. स्थानिक लोक त्याला प्लफ मड म्हणतात आणि वर कौतुकाने सांगतात. खोली बदलून उपयोग नाही.

रंगीत घरं बघितली, झालं चार्ल्सटन

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. हा सगळा थाट ज्या पैशावर उभा राहिला तो भाताचा आणि नंतर कापसाचा होता, आणि राबणारे हात पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचा फार मोठा हिस्सा याच बंदरात उतरला. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली. त्याच्या आधीच्या शेवटच्या काही वर्षांत गॅड्सडेन्स वार्फ या धक्क्यावर हजारो माणसं उतरवली गेली. त्याच जागी २०२३ साली इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे आणि खालची जमीन स्मृतिस्थळ म्हणून मोकळी ठेवली आहे. तिकीट वेळेनुसार मिळतं, तेव्हा दुपारची वेळ आधीच घेऊन ठेवा.

सिटी मार्केटमध्ये गुलामांचा बाजार भरायचा असं बरेच पर्यटक एकमेकांना सांगतात. तो बाजार भाजी-मांस-मासळीचा. गुलामांचे लिलाव आधी उघड्यावर होत. १८५६ मध्ये शहराने ते बंद केल्यावर आडोशाला होऊ लागले. त्यातली एक जागा चाल्मर्स स्ट्रीटवर अजून आहे, ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम.

प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या कष्टावर चाललेला जुना शेतमळा, एकच बघायचं असेल तर बागा बघून ठरवू नका. जेम्स आयलंडवरच्या मॅक्लाउड प्लँटेशनमध्ये मालकाच्या बंगल्यापेक्षा गुलामांच्या झोपड्यांची रांग आणि तिथल्या गल्ला लोकांचं (या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं) जगणं यावर भर आहे. ॲशली नदीकाठच्या मिडलटन प्लेस आणि मॅग्नोलियाच्या बागा सुंदर आहेतच, पण भाताची गोष्ट तिथेही विचारा. भरती चढताना नदीतलं गोडं पाणी वर ढकललं जातं. ते लाकडी झडपांमधून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, अशी ती शेती. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात खाजणाला बांध घालून, दारं लावून खारं पाणी बाहेर ठेवतात. भरतीच्या तालावर पाण्याचा हिशोब दोन्हीकडे तोच. भाताची आणि पाण्याची ही जाण आफ्रिकेतून आलेल्यांपाशी होती, याकडे गाइड बोट दाखवतो की नाही बघा.

आणि टोपल्या. मार्केटमध्ये स्वीटग्रासच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांशी घासाघीस करू नका. गवताची जुडी गोल फिरवत न्यायची आणि पामेट्टो या पाम झाडाच्या पानाच्या पट्टीने टाका घालत जायचं. भोक पाडायला हातात असते चमच्याची दांडी, पुढची वाटी कापून टाकलेली. छोट्या टोपलीलाही तासन् तास जातात. मोठीची किंमत शेकड्यांत ऐकून "आमच्याकडे सूप-टोपली..." असं सुरू करणारे काका मी पाहिलेत. बाईंनी मान वर करून बघितलंही नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा.

"भाजी आहे ना, मग शाकाहारीच"

नाही. कॉलर्ड ग्रीन्सची पालेभाजी इथे डुकराच्या हाडाबरोबर तासभर शिजवतात. रेड राइसमध्ये बेकन, चवळी-भाताच्या हॉपिन जॉनमध्ये पोर्क, साध्या ग्रिट्समध्येही (मक्याच्या रव्याची पेज) चिकन स्टॉक असू शकतो. "इज इट व्हेज?" एवढं विचारून भागत नाही. "पोर्क, हॅम, बेकन, चिकन स्टॉक, लार्ड?" अशी यादीच म्हणून दाखवा. वेटर वैतागत नाहीत, आत जाऊन विचारून येतात.

घ्यावं असं बरंच आहे. हायवेकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मीठ घातलेल्या, गरम, अगदी आपल्यासारख्या. तिळाची पातळ कुरकुरीत बेने वेफर्स बिस्किटं (अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा). मत्स्याहारींना काय सांगायचं? कोळंबी आणि ग्रिट्स.

किल्ला आणि किनारा

फोर्ट सम्टरवर १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकन यादवी पेटली. तिथे बोटीनेच जाता येतं आणि बोटी दोन ठिकाणांहून सुटतात: डाउनटाउनमधला लिबर्टी स्क्वेअर आणि पुलापलीकडचा पेट्रियट्स पॉइंट. तिकीट एकीकडचं आणि माणसं दुसरीकडे हा घोळ दर उन्हाळ्यात होतो. सकाळची पहिली फेरी घ्या, किल्ल्यावर झेंडा चढवायला प्रवाशांनाही बोलावतात.

फॉली बीचला जायला एकच रस्ता. शनिवार-रविवारी नऊच्या आत पोहोचा किंवा जाऊच नका. सलिव्हन्स आयलंड आणि आयल ऑफ पाम्स यांच्यामधल्या ब्रीच इनलेटला पाणी उथळ आणि शांत दिसतं, पण ओढ जबरदस्त आहे आणि पोहायला मनाई आहे. इतर ठिकाणी ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. रात्री वाळूत मोबाइलचे टॉर्च नकोत, आणि मुलांनी खणलेले खड्डे निघताना बुजवा. लॉगरहेड कासवीण अंडी घालायला त्याच वाळूत येते.

वादळाची बातमी आली तर

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण जोर ऑगस्टच्या मध्यानंतर. १९८९ चं ह्यूगो सप्टेंबरमध्ये इथे धडकलं होतं. तारखा हातात असतील तर जून किंवा जुलैचा पहिला पंधरवडा धरा. ऑगस्टअखेरच जमत असेल तर रद्द करता येणारंच बुकिंग करा. प्रवास विमाही बुकिंगबरोबरच घ्या, कारण वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेला विमा सहसा त्या वादळासाठी चालत नाही.

तिथे असताना बाहेर पडण्याचा आदेश निघाला तर दुपारपर्यंत "बघू" म्हणत बसू नका. अशा वेळी राज्याची राजधानी कोलंबियाच्या दिशेने आय-२६ महामार्गाच्या उलट्या बाजूच्या लेनही शहराबाहेर जाण्यासाठी फिरवतात, पण त्या सुरू होईपर्यंत आणि झाल्यावरही गर्दी असतेच. टाकी भरा, आई-बाबांचे पासपोर्ट आणि औषधं एका पिशवीत घ्या आणि सरळ निघा. हॉटेलच्या परताव्याचा फोन शार्लटला पोहोचल्यावर करता येतो.