कंपवाताच्या रुग्णाचं रक्त घेताना

वेळ ठरवताना आधी लिव्होडोपाच्या (कंपवातावरच्या औषधाच्या) गोळीची वेळ विचारा. गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने हात बराच सैल असतो. तपासणी उपाशीपोटी असली तरी गोळी चुकवायला लावू नका. घोटभर पाण्याबरोबर ती चालते का, हे डॉक्टरांना विचारून आधीच कळवा.

कमी थरथरणारा हात निवडा. कोपराखाली उशी द्या, मनगटही टेकलेलं हवं. तंबाखू मळल्यासारखी अंगठा-तर्जनीची हालचाल चालूच राहील, राहू द्या. हात दाबून धरला की रुग्ण घाबरतो आणि कंप वाढतो. "हलू नका" म्हणण्यानेही तेच होतं. मदतनिसाने खालून नुसता आधार द्यावा.

साध्या सुईऐवजी २३ गेजची बटरफ्लाय सुई घ्या. तिची नळी लवचिक असते, त्यामुळे हात हलला तरी सिरिंजचा हिसका सुईला बसत नाही. पंख कातडीला टेकवून चिकटपट्टी लावा. टूर्निके, म्हणजे दंडाला बांधलेला पट्टा, मिनिटाच्या आत सोडा.

नंतर लगेच उभं करू नका, रक्तदाब एकदम उतरतो. दोन मिनिटं बसवा. मळमळलं तर मेटोक्लोप्रामाइड अजिबात नको, त्याने कंपवात बळावतो.

दारात पाय अडखळून थिजले तर हात ओढू नका. "एक, दोन" म्हणत ताल द्या.